सागापर्यंतची गोण

आवळवाडीत माणसाची पारख त्याच्या पोटऱ्यांवरून होते, आणि तसं पाहिलं तर त्यात फारसं चुकत नाही. मुरबाडहून येणारी जीप खाली ओढ्यापाशीच थांबते. तिथून वर वाडीपर्यंत नुसती पायवाट, आणि तीही अशी की नवा पाहुणा अर्ध्या चढावर बसून आपण कुणाचं काय वाकडं केलं होतं ते आठवत राहतो. वाडीत कुणाला साप चावला, कुणी बाई अडली, की बांबूला झोळी बांधायची, बांबू खांद्यावर घ्यायचा आणि खाली धावत सुटायचं. या झोळीला वाडी डोली म्हणते. डोलीचा पुढचा खांदा गेली कित्येक वर्षं चांगोचा होता.

चांगो बोलायचा कमी आणि ऐकायचा त्याहून कमी. पण पायांच्या बाबतीत त्याचा शब्द वाडीत शेवटचा मानत. कुणाचा घोटा सुजला, कुणाच्या पायात गोळा आला की लोक आधी चांगोकडे, मग देवाकडे आणि अगदीच निभत नसेल तर दवाखान्यात.

याच डोलीपायी वाडीत एक रीत पडली होती. चांगोला नुकतं मिसरूड फुटत होतं तेव्हाची गोष्ट. मुरगळलेला पाय बरा झाला असं सांगून एका गड्यानं खांदा दिला आणि उतारावर तो गुडघ्यातून खचला. झोळीत धोंडीबाई होती, पहिलटकरीण. ती वाचली, पोर वाचलं नाही. तेव्हा वाडीनं ठरवलं की यापुढे नुसत्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही. ज्याचा पाय दुखावला असेल त्यानं भाताची भरलेली गोण ओढ्यापासून वरच्या सागाच्या झाडापर्यंत सगळ्यांसमोर न्यायची. मध्ये टेकायचं नाही. सागाखाली म्हातारा महादू बसून गुडघ्यांवर नजर ठेवणार. गुडघा थरथरला तर खांदा मिळणार नाही. ही रीत पडल्यापासून डोली एकदाही पडली नव्हती, म्हणून तिच्यावर कुणी शंका घेत नव्हतं. उतारावर खचलेल्या माणसासाठी परीक्षा चढावर का घेतली, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

चांगोची थोरली पोरगी दिपिका पायथ्याच्या शाळेत वसतिगृहात राहून शिकत होती. शाळेत आधी कबड्डी होती, खो-खो होता. मग किशोर सर आले ते काखेत फुटबॉल घेऊनच. पहिले सहा महिने गावानं त्यांची टिंगल केली. हात असून पायानं खेळायचं, असला कसला खेळ? पण दिपिकाच्या पायात तो चेंडू असा बसला, जशी काही त्याची आणि तिची जुनी ओळख होती. उजव्या बाजूनं ती सुटली की पोरी नुसत्या मागून ओरडत राहायच्या. चांगो एकदा बघायला गेला होता. त्याला त्यातला फक्त गोल कळला. परत येऊन तो लहानीला, आपल्या बायकोला, म्हणाला की पोरगी ओढ्याच्या पाण्यासारखी वाट काढते. लहानीनं भाकरी थापता थापता मान वर केली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या तोंडून असलं वाक्य तिनं कधी ऐकलं नव्हतं.

मग श्रावणात घात झाला. शाळेच्या चिखलाच्या मैदानावर दिपिकाचा डावा पाय रुतला, अंग वळलं आणि गुडघा मागे राहिला. आतून काहीतरी बारीक वाजलं, असं तीच सांगायची. संध्याकाळपर्यंत गुडघ्याचा दुधी भोपळा झाला. किशोर सरांनी तिला शहापूरला नेलं. तिथे रंजिता मॅडम म्हणून फिजिओथेरपी करणाऱ्या होत्या, खेळणाऱ्या पोरांचे पाय बघायच्या. चांगोही बरोबर होता.

मॅडमनी कल्याणहून गुडघ्याच्या आतले फोटो काढून आणायला लावले. हाड शाबूत होतं, पण गुडघ्याच्या आतला दोर, ज्याला त्या लिगामेंट म्हणत होत्या, अर्धा उसवला होता. त्यांनी दिपिकाला पालथं झोपवलं, टाच धरली आणि गुडघा दुमडायला सांगितलं. पोरीनं जोर लावला, पण मॅडमचा हात जागचा हलला नाही. मग बसवून दुमडलेला पाय सरळ करायला लावला, तर मॅडमच खुर्चीसकट मागे सरकल्या.

"काका, हिच्या मांडीचा पुढचा स्नायू तयार बैल आहे आणि मागचा नुसता खोंड," मॅडम म्हणाल्या. "धावता धावता थांबायचं, वळायचं, तेव्हा गुडघा सांभाळतो तो मागचा. ही जोडी जुळत नाही तोवर हिला मैदानात उतरवू नका. उरलेला दोर जाईल."

त्यांनी व्यायाम दाखवले. पाठीवर झोपून टाचा टेकवायच्या आणि कंबर उचलायची. एका पायावर उडी मारून तिथेच स्थिर उभं राहायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचा, गोधडीवर गुडघे टेकून ताठ राहायचं आणि अंग हळूहळू पुढे सोडायचं. त्याला मागून कुणीतरी घोटे दाबून धरावे लागतात. होळीपर्यंत हे रोज करायचं, मग बघू, असं त्यांनी सांगितलं.

चांगोला बैलाची गोष्ट कळली, आणि कळली म्हणूनच त्याला राग आला. त्याच्या पोरीच्या पायाला कुणी खोंड म्हणावं? ओढ्यावरून दोन हंडे डोक्यावर घेऊन न थांबता वर येणारी पोरगी ती.

वसतिगृहात मैत्रिणी घोटे धरायच्या, तोवर व्यायाम चालला. दिवाळीच्या सुट्टीत पोरगी घरी आली आणि घोडं अडलं. भातकापणी ऐन भरात होती. लहानी पहाटेपासून शेतात. दिपिकानं एकदा अंगणात गोधडी अंथरली आणि बापाला म्हणाली, जरा घोटे धर. चांगो खळ्यावर निघाला होता. शेजारच्या बाया बघत होत्या. एवढी मोठी पोरगी अंगणात गुडघ्यांवर उभी राहून तोंडावर पडायचा खेळ करते आणि बापानं मागून तिला धरायचं, हे त्याला कसंतरीच वाटलं. त्यानं तिला हंडे भरायला पाठवलं. अंग कामानं बनतं, झोपून नाही, असं म्हणाला. आणि हे म्हणताना तो खोटं बोलत नव्हता. त्याचं स्वतःचं अंग तसंच बनलं होतं. सुट्टीनंतर वसतिगृहातही तो व्यायाम मागे पडला.

पौषात किशोर सर वाडीवर चढून आले. चढून आल्यावर बराच वेळ त्यांना बोलताच येईना. पुण्याहून निवड करणारी मंडळी शहापूरला येणार होती. पोरी निवडून नेणार, राहणं, जेवण, शिक्षण आणि रोज फुटबॉल. दिपिकाचं हे शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी ती वयात बसत नव्हती. मॅडम नको म्हणत होत्या. सरांच्या मनात दोन्ही होतं आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी त्यांनी ओझं चांगोच्या पदरात टाकलं. बाप तुम्ही, तुम्ही सांगा, असं म्हणून ते पाणी प्यायले.

चांगोला यात अवघड काहीच वाटलं नाही. पाय बरा आहे की नाही हे बघायची रीत वाडीत होतीच.

परीक्षेसाठी वाडीवर आलेली दिपिका त्या सकाळी ओढ्याकडे निघाली तेव्हा बापाजवळ जरा घुटमळली.

"बाबा, चढताना मला काय वाटत नाय," ती म्हणाली. "पन वळताना गुडघा जागेवरून सटकल्यागत व्हतो."

"दुखतो का?"

"दुखत नाय."

"मग झाला. जो दुखत नाय तो बराच हाय."

तिनं ते आणखी ताणलं नाही. तिलाही जायचं होतं, हेही खरं. पुण्याचं नाव काढलं की तिचे डोळे जसे व्हायचे ते चांगोनं पाहिलं होतं. ते डोळे विझू नयेत एवढंच त्याला हवं होतं. माया माणसाला आंधळं करते म्हणतात, चांगोला तिनं बहिरं केलं.

सगळी वाडी पायवाटेच्या दोन्ही अंगांना उभी राहिली. आजवर या परीक्षेला बाई कधी उतरली नव्हती. म्हाताऱ्या बायांनी तोंडाला पदर लावले. कोंडू नावाचा डोलीचाच एक गडी होता, त्यानं गोण उचलून तिच्या पाठीवर दिली, आणि दिपिका निघाली. पहिल्या वळणाला ती पुरती वाकली होती. दुसऱ्या टप्प्याला बाया नुसत्या तिच्या पावलांकडे बघत होत्या. सरळ वर, एकामागून एक पाऊल, आणि गुडघा पाहाल तर खांबासारखा. सागाखाली तिनं गोण टाकली तेव्हा महादू उठून उभा राहिला. असा पाय मी गड्याचाही पाहिला नाही, असं तो म्हणाला. कुणीतरी ढोल काढला. लहानीनं लेकीची दृष्ट काढली. नाकासमोर बघत चांगो घरामागे गेला आणि तिथे एकटाच रडला, सुखानं.

शहापूरला जायच्या दिवशी चांगोनं लग्नकार्यातला पांढरा सदरा घातला. मैदानाला दोरी लावली होती, तिला लागून तो उभा राहिला. रंजिता मॅडम आल्या नव्हत्या. किशोर सर सारखे घड्याळ बघत होते. दिपिका उजव्या बाजूला होती. खेळ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात तिनं दोघींना मागे टाकलं आणि चेंडू असा आत दिला की पुण्याहून आलेल्या बाईंनी शेजारच्याला कोपरानं खूण केली. ती खूण चांगोनं पाहिली. पुढची किती वर्षं त्याला ती खूण आठवत राहणार होती, हे त्याला तेव्हा कुठून ठाऊक असणार?

मग ती पुन्हा सुटली. समोर एक उंच पोरगी आली. दिपिका थांबली, डावीकडे वळली आणि बसली. पडली म्हणावं तर तसंही नाही. चालता चालता दमून कुणी दगडावर टेकावं तशी ती खाली टेकली, आणि मग तिनं मांडी दोन्ही हातांनी आवळून धरली. उंच पोरगी अजून चार पावलं लांब होती.

चांगो दोरी ओलांडून आत धावला. "कुनी मारला तिला?" तो विचारत सुटला. ज्याला त्याला विचारलं. उंच पोरीलाही विचारलं, ती बिचारी रडायलाच लागली. कुणीतरी सापडायला हवं होतं, कुणाचा तरी धक्का, कुणाचा तरी पाय. शेवटी दिपिकाच म्हणाली, "कुनी नाय मारला, बाबा. मी वळले." त्या क्षणी चांगोला सागाखालची सकाळ आठवली, आणि तो तिथेच मैदानात तिच्या पायाशी बसला.

या खेपेला रंजिता मॅडमनी तपासायला फार वेळ घेतला नाही. नव्यानं काढलेला फोटो त्यांनी चांगोला दाखवला. दोर पुरता तुटला होता, गुडघ्यातली गादीही फाटली होती. ऑपरेशन होईल, त्यांनी सांगितलं, पण आधी सूज उतरू दे, पायात ताकद येऊ दे. नंतरही वर्षभर थांबावं लागेल, आणि एवढं करून ती पुन्हा तशी धावेल असा शब्द मी देणार नाही. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. हिला उतरवलं कुणी, एवढं एकदा विचारलं. चांगो म्हणाला, मी. आमच्याकडे परीक्षा असते, तिच्यात ती पास झाली होती. मॅडमनी परीक्षा कसली ते विचारून घेतलं. गोणीचं ऐकल्यावर त्यांनी हातातला फोटो टेबलावर ठेवला.

"काका, चढाला पुढचाच स्नायू लागतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तो तर हिचा पहिल्यापासून दणकट होता."

पुण्याला दुसऱ्याच मुली गेल्या.

जीप ओढ्यापाशी थांबली तेव्हा कोंडू आणि बाकीचे गडी डोली घेऊन उभे होते. डोली म्हणजे माणूस खाली न्यायची वस्तू. वर आणायची पाळी क्वचित येते. चांगो पुढच्या बांबूपाशी गेला नाही, मागे आला. चढाला सगळा भार मागच्या खांद्यावर येतो आणि हा भार दुसऱ्या कुणाकडे द्यायला त्याचं मन घेईना. झोळीत दिपिकानं तोंडावर टॉवेल घेतला होता. सागापाशी आल्यावर गडी सवयीनं दम खायला थांबले. चांगोनं त्यांना थांबू दिलं नाही.

माघ सरला. सूज उतरली, दुखणंही उतरलं. दिपिका काठी टाकून चालायला लागली, मग ओढ्यावर जायला लागली. सुरुवातीला चांगो तिच्या वाटेला जाईना. ती ओसरीत आली की तो परसात जायचा. लहानी एकदा त्याला म्हणाली, ती तुला खात नाय. चांगोला वाटायचं, खाल्लं असतं तर बरं झालं असतं. पोरगी एका शब्दानं बोलली असती, भांडली असती, भांडी आपटली असती, तर त्याचा जीव हलका झाला असता. पण ती पहिल्यासारखीच बोलायची, बाबा भाकर खा, बाबा कुऱ्हाड कुठं हाय. फक्त फुटबॉलचा विषय तिनं कधी काढला नाही. तिचे बूट लहानीनं माळ्यावर टाकले होते.

शिमग्याच्या आधी एका सकाळी चांगो सागाखाली महादूजवळ बसला होता. खालून रेशनचे तांदूळ यायचे होते, गडी आणायला गेले होते. वळणावर बायांचा गलका ऐकू आला. बघतो तर सगळ्यांच्या पुढे दिपिका, पाठीवर गोण. तो उठून उभा राहिला. थांब म्हणून ओरडायच्या आत ती शेवटच्या टप्प्याला लागली होती. ती वाकून, सरळ, एकामागून एक पाऊल टाकत वर आली. मध्ये टेकली नाही. सागाखाली येऊन तिनं गोण बापाच्या पुढ्यात टाकली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

महादूचे डोळे आता अधू झाले होते, पण गुडघे त्याला अजून दिसत. तो खूश झाला. बरी झाली पोर, म्हणाला, उतरली पुन्हा परीक्षेला, आता खेळायला मोकळी. बायांनीही माना डोलावल्या.

दिपिका बापाकडे बघत होती.

"थरथरला का गुडघा, बाबा?"

चांगोनं मान हलवली. "नाय."

"आत काय नाय उरला त्यात. मॅडमनी फोटू दावला ना तुला. तुटलाय सगळा." तिचा आवाज चढला नव्हता. "तरी नाय थरथरला."

महादूला ते कळलं की नाही कोण जाणे. चांगोला कळलं. पौषातल्या त्या सकाळी, ढोल वाजत असताना, सगळी वाडी ज्या गुडघ्याकडे कौतुकानं बघत होती, त्यानं तेव्हाही काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते पोरीनं, ओढ्याकडे जाताना, स्वतःच्या तोंडानं. गोण आजही वर आली होती. ती वर येणारच होती. आजवर किती जणांना आपण या झाडाखाली बरं म्हटलं, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं सागाच्या बुंध्याला हात टेकला.

दिपिका गोण तिथेच ठेवून घरी गेली. चांगो बऱ्याच वेळानं गेला. अंगणात गोधडी अंथरली होती. दिपिका तिच्यावर गुडघे टेकून बसली होती आणि मागे टाचांवर एक जुनं जातं ठेवायच्या खटपटीत होती. जातं घरंगळत होतं. मॅडमनी सांगितलं होतं की खेळ असो नसो, ऑपरेशन होवो न होवो, मांडीचा मागचा भाग घट्ट केला नाही तर तिशीतच हा गुडघा झिजेल. हे तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. धरायला कुणी मिळत नाही, हे ती दिवाळीतच शिकली होती.

शेजारच्या ओट्यावर बाया बसल्या होत्या, त्या बघतच होत्या. चांगोनं जातं उचलून भिंतीशी ठेवलं. तो तिच्या मागे गेला, मातीत बसला आणि आपल्या दोन्ही हातांनी तिचे घोटे जमिनीला दाबून धरले. दुखावलेल्या डाव्या पायाची पोटरी उजवीपेक्षा बारीक झाली होती. हे त्याला आज, हात लावल्यावर कळलं. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती, पण हात मोकळे नव्हते, त्यामुळे ती तशीच राहिली.

दिपिका ताठ झाली. अंग थोडं पुढे झुकलं, मांडीच्या मागची शीर ताणली गेली, आणि या वेळी मात्र पाय थरथरला. सगळा थरथरला, चांगोच्या मुठीत.

"किती वेळ धरू गो?" त्यानं विचारलं.

"मी सांगीन तवर," ती म्हणाली. "मी सांगते ते ऐक फकस्त."